राणीचा 'खरा' फोटो कुणाला हवाय?

गेल्या मार्चमधली गोष्ट. हापिसात महिला दिनाची तयारी चालली होती. तयारी म्हणजे काय, तर दरवर्षीप्रमाणे समस्त स्त्रीवर्गाला एकेक गुलाब, कँटीनमध्ये केक आणि लॉबीत एक भलंमोठं पोस्टर. यंदा पोस्टरवर झाशीची राणी असावी असं कल्चरल कमिटीत ठरलं. मी त्या कमिटीत काय करतोय हे विचारू नका. एकदा गणपतीची वर्गणी गोळा केली, तेव्हापासून अडकलोय.

तर उत्साहाच्या भरात मी ग्रुपवर एक चित्र पाठवलं. कलकत्त्याला कालीघाटच्या देवळाबाहेर एकोणिसाव्या शतकात जी चित्रं विकायला असायची त्यांतलं. घोड्यावर बसलेली राणी, हातात तलवार. मागे ना किल्ला, ना आभाळ, ना सैन्य. नुसता कोरा कागद. जाड वळणदार रेषा, कानापर्यंत गेलेले लांबलचक डोळे. मला ते चित्र फार म्हणजे फारच आवडतं.

पाच मिनिटांत उत्तरं आली.

"हे कार्टून आहे का?"

"घोडा बघ रे, कुत्रा वाटतोय :-)"

"ही राणी वाटतच नाही. आणि बाळ कुठंय?"

"अरे ओरिजिनल फोटो आहे ना राणीचा, आमच्या फॅमिली ग्रुपवर आला होता. तो टाका की."

मतदान झालं. पाच विरुद्ध एक. तो एक कोण ते सांगायला नको. शेवटी लॉबीत जे लागलं ते कुणीतरी एआयकडून करून घेतलेलं चित्र होतं. गोरीपान, सडपातळ बाई, ओठ रंगवलेले, केस वाऱ्यावर मोकळे, पाठीला गोंडस बाळ, मागे सूर्यास्त. बाई लढाईला निघालीय की शांपूच्या जाहिरातीला, काही कळायला मार्ग नाही.

हरलो म्हणून लिहितोय, हे आधीच कबूल करतो. पण हरलेल्यालाही बाजू असते. आणि माझ्या मते त्या पाच जणांचं म्हणणं चुकीचं तर आहेच, शिवाय ते चुकण्यामागे एक कारण आहे, आणि ते कारण चित्रापेक्षा मोठं आहे. ते शेवटी सांगतो. आधी आक्षेप एकेक करून घेऊ, कोड रिव्ह्यूला घेतो तसे.

त्याआधी हे चित्र आलं कुठून ते थोडक्यात. कालीघाटचं आत्ताचं देऊळ १८०९ सालचं. यात्रेकरू वाढले तसे बंगालच्या खेड्यांतले पटुआ, म्हणजे पिढीजात चित्रकार, तिथे येऊन राहिले. गावाकडे त्यांचा धंदा वेगळा होता. लांबच लांब पट उलगडत जायचा आणि गाणं म्हणत गोष्ट सांगायची. (आपल्या कोकणातल्या पिंगुळीचे ठाकर लोक चित्रं दाखवत कथा सांगतात, त्याच जातकुळीतलं.) शहरात एवढा वेळ कुणाला? मग पटुआंनी गोष्ट छाटून एका कागदावर आणली. एक कागद, एक प्रसंग, किंमत पैसा-दोन पैसे. गिरणीतला स्वस्त कागद, पाण्यात कालवलेले रंग. अख्खं घर कामाला लागायचं. एकजण बाह्यरेषा ओढणार, दुसरा रंग भरणार, दागिन्यांवर चंदेरी रंग चढवणार तिसराच. सही कुणाचीच नाही.

आणि विषय म्हणाल तर काहीही. काली, दुर्गा, शिवपार्वती तर होतेच. पण बुटांना पॉलिश करून केसांचा भांग पाडलेले कलकत्त्याचे बाबू होते, शर्यतीतले इंग्रज जॉकी होते. १८७३ मध्ये तारकेश्वरच्या महंताचं प्रकरण गाजलं. नवीनचंद्र नावाच्या नवऱ्याने महंताशी संबंध असल्याच्या रागातून आपल्या बायकोचा, एलोकेशीचा, गळा कापला. खटला चालू होता आणि इकडे त्याची चित्रं धडाधड विकली जात होती. म्हणजे देवळाबाहेरचा हा बाजार गावाचं देवघर होता आणि गावाचं वर्तमानपत्रही. त्या बाजारात, शतकाच्या शेवटी शेवटी, झाशीची राणी येऊन उभी राहिली. तीही घोड्यावर.

आता आक्षेप.

आक्षेप पहिला: ही राणीसारखी दिसत नाही.

बरं. मग राणी दिसायची कशी?

ते 'ओरिजिनल फोटो' वालं ढकलपत्र तुम्हालाही आलं असेल. १८५० सालचा फोटो, हॉफमन नावाच्या जर्मन माणसाने काढलेला, शेअर करा, अभिमान बाळगा वगैरे. आता जरा डोकं लावा. १८५० मध्ये गंगाधरराव हयात होते. राणी तेव्हा संस्थानिकाच्या घरातली पडद्यातली बाई. तिने एका परक्या माणसापुढे तासभर न हलता बसून फोटो काढून घेतला, आणि दीडशे वर्षं तो कुणाला माहीत नव्हता? इतिहासकारांनी एकमताने मान्य केलेला राणीचा एकही फोटो नाही. तिचा जन्म १८२८ चा की १८३५ चा हे सुद्धा अजून भांडणात आहे, आणि आपण फोटो काढणाऱ्याच्या नावासकट पुढे ढकलतोय.

प्रत्यक्ष पाहिलेल्यांचं काय म्हणणं आहे? जॉन लँग नावाचा वकील १८५४ मध्ये झाशीला गेला होता. संस्थान खालसा करण्याविरुद्धची राणीची बाजू मांडण्यासाठी त्याला बोलावलेलं. बोलणं पडद्याआडून चाललेलं, मध्येच छोट्या दामोदररावाने पडदा बाजूला केला आणि लँगला राणी क्षणभर दिसली. त्याने १८५९ च्या पुस्तकात लिहून ठेवलंय: मध्यम उंची, अंगाने जरा भरलेली, गोल चेहरा, डोळे सुरेख, नाक नाजूक, रंग फार गोरा नाही आणि काळाही नाही. अंगावर साधी पांढरी मलमल. आवाज मात्र त्याला अजिबात आवडला नाही.

दुसरा साक्षीदार आपला घरचा. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि नेमके बंडात सापडले. १८५८ मध्ये झाशीला वेढा पडला तेव्हा हे गावात होते. त्यांचं 'माझा प्रवास' १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी छापलं. शाळेत एखादा उतारा वाचला असेल तर विसरा आणि पुन्हा वाचा. त्यात एक प्रसंग आहे. झाशी पडल्यानंतर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी भटजींना राणी भेटते. पुरुषी पोशाख, अंगभर धूळ, चेहरा उतरलेला, तहान लागलेली. भटजी पाणी काढायला पुढे होतात तर ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी तुम्ही पाणी काढू नका, मीच काढते. आणि स्वतः मडकं ओढून ओंजळीने पाणी पिते.

हरलेली, धुळीने माखलेली, विहिरीवर ओंजळीने पाणी पिणारी राणी. या प्रसंगाचं पोस्टर मी तरी कुठे पाहिलेलं नाही.

तेव्हा 'दिसत नाही' म्हणणाऱ्यांनी आधी हे ठरवावं की कशासारखी दिसत नाही. लँगच्या राणीसारखी? गोडशांच्या राणीसारखी? तशी तर लॉबीतली बाईही दिसत नाही. आपल्या डोक्यात जी राणी बसलीय ती चकचकीत छापील तसबिरींतून आलेली आहे. १८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि पुढच्या दोन पिढ्यांनी देव आणि राण्या कशा दिसतात ते तिथून नि तशाच छापखान्यांतून ठरवलं. गुळगुळीत कातडी, गोरा रंग, मागे नाटकाचा पडदा. तसल्याच छापील चित्रांनी कालीघाटच्या पटुआंच्या पोटावर पाय आणला. जर्मनीतून तर त्यांच्या चित्रांच्या छापील नकला येऊ लागल्या. १९३० च्या आसपास तो बाजार संपला. आमच्या लॉबीत त्यातलाच सूर्यास्त अजून मावळतोय.

कालीघाटच्या चित्रकाराने राणीला पाहिलं नव्हतं, आणि पाहिल्याचा आवही आणला नाही. त्याच्या हाताला दुर्गेचा चेहरा बसलेला होता, तो त्याने राणीला दिला. घोडा बहुधा शर्यतीच्या चित्रातून उचलला असेल, हा माझा अंदाज. आपल्या भाषेत सांगायचं तर दुर्गेच्या क्लासमधून इनहेरिट केलं आणि शस्त्राचं फंक्शन तसंच ठेवलं. यात खोटं काही नाही. तो सांगत होता की मला ही अशी वाटते.

आक्षेप दुसरा: बाळ कुठंय?

हा माझा सगळ्यात आवडता. कारण इथे सरळसरळ बग आहे.

राणीला १८५१ मध्ये मुलगा झाला होता, तो चार महिन्यांत गेला. १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधररावांनी मरणाच्या आदल्या दिवशी नात्यातला आनंदराव दत्तक घेतला आणि त्याचं नाव दामोदरराव ठेवलं. तेव्हा तो होता चार-पाच वर्षांचा. आता बेरीज करा. १८५८ च्या एप्रिलमध्ये राणी झाशीतून रात्री बाहेर पडली तेव्हा पोरगा आठ-नऊ वर्षांचा. म्हणजे तिसरी-चौथीतला! आठ-नऊ वर्षांचं पोर पाठीला झोळीत बांधून, एका हातात लगाम नि दुसऱ्या हातात तलवार घेऊन काल्पीपर्यंत शंभरेक मैल घोडा फेकून बघा एकदा. तो बरोबर होता हे खरं. पण पोस्टरवरचं ते अंगठा चोखणारं बाळ इतिहासात नाही. दामोदरराव पुढे जगला, सरेंडर झाला, इंग्रजांच्या पेन्शनवर इंदुरात राहिला आणि १९०६ मध्ये वारला.

मग बाळ लहान लहान का होत गेलं? माझं उत्तर असं. नुसती तलवार घेतलेली बाई आपल्याला पचत नाही. तिच्या पाठीला बाळ बांधलं की सगळ्यांना हायसं वाटतं. ती चिडलीय, पण आई म्हणून चिडलीय. राज्य हवं होतं म्हणून नव्हे, लेकरासाठी लढली. पटकन समजतं, डोळ्यांत पाणीही येतं. आता संस्थान खालसा झालं ते दत्तक नामंजूर करून, त्यामुळे पोराचा हक्क हा भांडणाचा भाग होताच, ते मी नाकारत नाही. पण ती बाई तोफा ओतून घेत होती, सैन्य उभारत होती, तटावर फिरत होती. हे सगळं तिने राज्यकर्ती म्हणून केलं. कालीघाटच्या त्या चित्रात ती एकटी आहे. घोडा, तलवार आणि ती. कारण विचारायचं असेल तर तिला विचारा.

आक्षेप तिसरा: असलं बाजारू चित्र राणीला शोभत नाही.

बाजारू! बरोबर. तेच तर मी म्हणतोय.

१८५७ मध्ये कलकत्त्याचे जमीनदार आणि शिकलेली मंडळी कुणाच्या बाजूने होती? कंपनीच्या. राजनिष्ठेचे ठराव करत होती. आपल्या पुण्या-मुंबईच्या शिकलेल्यांनी काही वेगळे दिवे लावले असं नाही. पुढे हळूहळू वारं फिरलं. सोळा वर्षांच्या रवींद्रनाथांनी १८७७ मध्ये 'भारती' मासिकात झाशीच्या राणीवर लेख लिहिला. आपल्याकडे द. ब. पारसनीसांनी १८९४ मध्ये तिचं चरित्र लिहिलं. पुढे १९५६ मध्ये महाश्वेता देवींनी पहिलं पुस्तक लिहिलं तेही राणीवर, बुंदेलखंडात फिरून, लोकांच्या तोंडची गाणी आणि आठवणी गोळा करून. हे सगळं शिकलेल्यांचं, वाचणाऱ्यांचं.

पण ज्याला वाचता येत नव्हतं त्याचं काय? त्याने एक पैसा मोजला. व्हाइसरॉय ज्या शहरात राहत होता त्याच शहरात, देवीचं दर्शन घेऊन बाहेर आल्यावर, सरकारशी लढून मेलेल्या बाईचं चित्र त्याने विकत घेतलं, गुंडाळलं आणि घरी नेलं. त्याच्या मनात काय होतं ते आज कुणी सांगू शकत नाही. पण पटुआ धर्मादाय करत नव्हते. जे खपायचं ते काढायचे. राणी काढली, कारण राणीला गिऱ्हाईक होतं. मला हा विदा कुठल्याही ठरावापेक्षा मोलाचा वाटतो.

गंमत बघा, आज कालीघाट चित्रांचा जगातला सर्वांत मोठा साठा कुठे आहे? लंडनला, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये. सहाशेच्या वर चित्रं. त्यांतली बरीच रुडयार्ड किपलिंगने १९१७ मध्ये दिली, त्याच्या वडिलांनी गोळा केलेली. ते वडील, लॉकवूड किपलिंग, आपल्या मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकवायचे. साहेबाला कळलं की पैशाचा हा कागद जपून ठेवण्यासारखा आहे. आणि आम्ही विचारतोय, कार्टून आहे का?

आता माझ्या बाजूची खोटही सांगतो, नाहीतर तुम्ही सांगालच. कालीघाटचे पटुआ काही स्त्रीमुक्तीवाले नव्हते. याच दुकानांत नवऱ्याला केरसुणीने बडवणाऱ्या बायकांची चित्रं मिळायची. नवऱ्याचा मेंढा करून दोरीने ओढत नेणारी बाईही मिळायची. मतलब एकच: हल्लीच्या बायका डोक्यावर बसल्यात हो! तेव्हा घोड्यावरच्या राणीकडे बघूनही काही लोक फिदीफिदी हसले असतील. मान्य. अगदी मान्य.

पण त्यातूनही एक गोष्ट उरतेच. त्या चित्रकाराला बाईची भीती ठाऊक होती. केरसुणीवालीची थट्टा केली ती भीतीपोटीच, आणि राणीला दुर्गेचे डोळे दिले तेही. त्या चित्रातल्या बाईसमोर उभं राहायची माझी तरी हिंमत होणार नाही. लॉबीतल्या बाईला कोण घाबरेल? तिच्याबरोबर लोक सेल्फी काढत होते.

आणि आता ते शेवटी सांगतो म्हणालो होतो ते.

महिला दिनाच्या तीन आठवडे आधी आमचं अप्रेझलचं कॅलिब्रेशन झालं. म्हणजे एका खोलीत सगळे लीड आणि मॅनेजर बसतात आणि कुणाला कुठलं रेटिंग ते घासाघीस करून ठरवतात. माझ्याच प्रोजेक्टवरची एक सहकारी आहे, नाव नको. वर्षभरात तिने एका रिलीजला सही द्यायला नकार दिला होता. टेस्टिंग झालेलं नाही, तारीख खोटी आहे, क्लायंटला आत्ताच सांगा, असं भर कॉलवर म्हणाली. तिला बाजूला सारून रिलीज गेलं. शनिवारी पहाटे दोनला ते मागे घ्यावं लागलं. तेव्हा जागं कोण होतं? मी आणि तीच.

तर तिच्या नावाखाली शेरा आला: टेक्निकली उत्तम, पण फार ॲग्रेसिव्ह. टोनवर काम करायला हवं. रेटिंग एक पायरी खाली.

आदल्या वर्षी मीही एक रिलीज असंच अडवलं होतं. तेवढ्याच मोठ्या आवाजात. माझ्या शेऱ्यात लिहिलं होतं, ओनरशिप दाखवतो.

मी त्या खोलीत होतो. मला हे दोन्ही शेरे पाठ होते. आणि मी काही बोललो नाही. पाणी प्यायलो, लॅपटॉपकडे बघितलं, पुढच्या नावाची वाट पाहिली.

मग आठ मार्च. कमिटीतल्या त्या पाच मतांतली दोन मतं कॅलिब्रेशनच्या खोलीतली होती. त्यांनीच पोस्टरखाली उभं राहून गुलाब वाटले. हिलाही मिळाला. तिने वर बघितलं आणि मला म्हणाली, "पोर सांभाळून तलवार चालवायची, आणि वर हसायचंपण. बघितलंस ना?"

राणीशी लढलेल्या सर ह्यू रोजलाही तिचं कौतुक करावं लागलं, पण ते बंडवाल्यांमधला सर्वोत्तम 'पुरुष' म्हणून. आपण 'मर्दानी' म्हणतो तेव्हा तेच करतो. लढली म्हणजे पुरुष झाली, रडली म्हणजे आई झाली. मेलेल्या राणीचा हा बंदोबस्त आपण छान केलाय. जिवंत बाईला मात्र टोनवर काम करायला सांगतो. म्हणून आपल्याला 'खरा' फोटो हवा असतो, किंवा खऱ्यासारखी दिसणारी गोड बाई हवी असते. कालीघाटची राणी कुरूप आहे म्हणून नापास झाली नाही. ती कुणाकडे बघून हसत नाही, म्हणून झाली.

असो. चित्राची प्रिंट काढून मी माझ्या मॉनिटरशेजारी चिकटवलीय. येणारेजाणारे विचारतात, कुत्र्यावर बसलेली ही कोण? मी सांगतो.

पुढचं कॅलिब्रेशन पुढच्या महिन्यात आहे. तिच्या जुन्या शेऱ्याच्या शेजारी माझा जुना शेरा ठेवून दाखवणार आहे. हे इथे लिहून ठेवलं म्हणजे मला पाणी पिऊन वेळ मारून नेता येणार नाही.